नवसागराचे डाग

लातूरच्या गंज बाजारात गळकी घागर किंवा कंदील घेऊन माणूस निघाला, की तो विरूपाक्षकडेच चालला आहे हे सांगावं लागत नसे. कथील वितळवून सांध्याला डाग द्यावा तो त्यानंच. घागर जाईल पण डाग सुटणार नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता. माणूस गरीब, पण आपल्या कामात कुणी शिकवलेलं त्याला मुळीच खपायचं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत उमाबाईंच्या रेडिओची नव्वद व्होल्टची बॅटरी संपली. उमाबाई एका मास्तरांच्या विधवा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा उद्धव जन्मांध होता आणि मुंबईला गाणं शिकत होता. भाद्रपदातल्या एका गुरुवारी तो मुंबई रेडिओवर पंधरा मिनिटं गाणार, असं त्याचं पत्र आलं. नवी बॅटरी तर लढाईमुळे कुठंच मिळेना.

स्टेशनवरच्या तारबाबू माधवरावांना रेडिओतलं थोडंफार कळायचं. टॉर्चचे साठ सेल एकापुढे एक जोडले तर भागेल, असं ते म्हणाले. गल्लीनं टॉर्चा रिकाम्या केल्या आणि सेल विरूपाक्षपुढे आले. माधवरावांनी बजावलं, की या सांध्यांना डाग धरायला राळच लाव, नवसागराचा क्षार ओल धरून बारीक तार खातो.

विरूपाक्ष हसला. "राळेनं कुठं डाग धरतो व्हय, बाबू? बापापासून नवसागरच लावत आलोय."

आणि त्यानं लावला. एका फळीवर साठ सेल बसवून त्यानं रेडिओ सुरू करून दाखवला, तेव्हा उमाबाईंनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. सेल जपायला हवेत म्हणून रेडिओ लगेच बंद केला, तो थेट गुरुवारपर्यंत. मधले तीन आठवडे पावसाची झड होती.

गुरुवारी खोली माणसांनी भरली. मुंबईहून उद्धवचं नाव पुकारलं गेलं, तंबोरा लागला, आणि रेडिओ गप्प झाला.

विरूपाक्षनं फळी उलटी केली. सगळे डाग हिरवे पडले होते. एक तार जोडावी तर शेजारची हातात येई. कसाबसा आवाज आला तेव्हा मुंबईवाले बाजारभाव सांगत होते. उमाबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.

विरूपाक्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी उमाबाईंनी शेजारणीकडून मुलाला पत्र लिहवलं, की विरूपाक्षनं रेडिओ जोडून दिला, तुझं गाणं ऐकलं, फार गोड झालं. विरूपाक्षला त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला कळू देऊ नको रे. त्याला लागेल."

दिवाळीआधीच त्या गेल्या.

दहाव्याला उद्धव आला होता. विरूपाक्ष कोपऱ्यात बसला आहे असं कुणीतरी सांगितलं, तसा तो चाचपडत त्याच्यापाशी आला आणि त्याचे पोळलेले, काळे हात त्यानं आपल्या डोळ्यांना लावले.

"काका, तुमच्यामुळे आईनं माझं गाणं ऐकलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

विरूपाक्षच्या गालांवरून पाणी वाहत होतं. उद्धवला ते दिसत नव्हतं.

"हाव," विरूपाक्ष म्हणाला. "लई गोड झालं म्हणल्या."