बाळ संपलं
आमच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, उसाच्या रसाचा तो गोड, ओला वास आला की माझा हात अजूनही पोटावर जातो. तेव्हा मला आठवा महिना होता आणि थोरली अडीच वर्षांची. डेकेअरमधून आणलं की ती रोज माझ्या पोटाला कान लावायची आणि मी विचारायचे, "काय म्हणतंय बाळ?" त्या संध्याकाळी तिने, भात खाऊन झाल्यावर दाखवायची तसे, दोन्ही तळवे उघडून दाखवले. "बाळ संपलं." मी पोटावर हात ठेवला. खरंच, दुपारपासून काही हालचाल जाणवलीच नव्हती. नवरा पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये, फोन उचलेना. डॉक्टरांकडची नर्स फोनवर म्हणाली, थंड आणि गोड काहीतरी प्या, तरी हललं नाही तर लगेच नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये या. मी लेकीला घेऊन खाली आले, उसाचा रस घटाघटा प्यायले आणि वाट बघत बसले. ती शेजारी बसून, पोटाला गाल टेकवून माझी स्ट्रॉ चघळत होती. शेवटी टॅक्सीसाठी फोन काढला, तेवढ्यात तिने भोकाड पसरलं, "आई, बाळाने मारलं!" मग मीही तिथेच, सगळ्यांसमोर रडले. हल्ली रोज जेवताना ती ओरडते, "आई, बघ ना, हा परत किक करतोय!" धाकट्याला रागवायला मी तोंड उघडते, पण रागवणं काही जमत नाही.