परवाना अमरावतीपुरता

त्या वर्षी मी अमरावतीच्या अंबादेवीशी भांडले होते. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि संत्र्याचा मळा मीच पाहत होते. अकोल्याच्या बाजारात तेव्हा एका अडत्याचं राज्य होतं. तो म्हणेल त्या भावात माल त्याच्याच हाती द्यायचा, वर तोंड उघडायचं नाही. माझ्या दिरांनी स्वतः उभं राहून माल विकायचं ठरवलं, तर त्याच्या पोसलेल्या माणसांनी भर बाजारात त्यांचा हात मोडला. शंभर जणांनी पाहिलं, साक्ष द्यायला एकही आला नाही. मी देवळाच्या पायरीवर उभी राहिले आणि मनात म्हणाले, "आई, तुझ्या डोळ्यांदेखत हे चालतं?" दर्शन न घेताच परत फिरले.

पुढच्या बहाराला आमचा आणि शेजारच्या पाच मळ्यांचा माल मीच विकणार, असं मी सांगून टाकलं. दीर म्हणाले, "वैनी, थे माणसं नाहीत, लांडगे आहेत." मी म्हटलं, "मंग मीही शेळी नाही." शेवटी त्यांनीच एक हवालदार शोधून आणला. पलटणीतून निवृत्त झालेला, स्वतःची बंदूक, तिचा सरकारी परवाना. व्यापाऱ्यांच्या सोबतीला जाणं हाच त्याचा धंदा. मी त्याला विचारण्याऐवजी त्यानंच मला विचारलं : गाडी कोणती, बाजारात शिरायची वाट कोणती, उभं कुठं राहणार? मग म्हणाला, "बाई, मी आधी हात उगारत नसतो. तुमच्या अन् त्याईच्या मधात उभा राहीन, बस." तो मला आवडला. देवीपेक्षा त्याचा भरवसा जास्त वाटला, हे आज कबूल करते.

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. तिथं पोलिसांच्या जमादारानं परवाना मागितला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "हा अमरावती जिल्ह्यापुरता आहे. अकोल्याले बंदूक नेता येत नाही." हवालदाराचा चेहरा पडला. मुदतीबरोबर जिल्हाही वाढवून मिळावा म्हणून त्यानं अर्ज केला होता, आणि मंजुरी येणारच असं धरून तो निघाला होता. बंदूक ठाण्यात जमा करायची, तर त्यालाही तिच्यामागं जाणं भाग होतं.

"बाई, परत चाला," तो हात जोडून म्हणाला. "माह्या जिवाले घोर लागून राह्यला."

माझा माल आदल्या दिवशीच मालगाडीनं पुढं गेला होता. दुपारपर्यंत मी बाजारात दिसले नाही, तर अडत्या तो बेवारशी म्हणून उचलणार होता. पाच घरांनी माझ्या शब्दावर माल दिला होता. मी म्हटलं, "तुमी बंदूक सांभाळा, हवालदार. मी जाऊन राह्यली."

गाडीत मी खिडकीशी बसले. बाहेर कपाशीची काळी रानं मागं पळत होती. मी हात जोडले नाहीत. मनातल्या मनात दरडावूनच म्हणाले, "आई, बंदूक गेली. आता तू उरलीस. यायचं तर ये, नाही तर मी एकटी जातेच आहे." ती प्रार्थना होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

बाजाराच्या दाराशी चौघे उभे होते. एकानं वाट अडवली. "बाई, माल शेठनं ताब्यात घेतला. गुमान घरी जा. दिराचा हात आठवते न?"

"आठवते. म्हणूनच आली."

त्यानं माझं कोपर धरलं. मी ते हिसकलं, सुटलं नाही.

दाराशीच एक म्हातारी वांगी घेऊन बसली होती. बार्शीटाकळीहून रोज येणारी, हे मागाहून कळलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती उठली. "काहून रे, बाईले हात लावून राह्यला?"

"म्हातारे, तू बस आपल्या जागी."

"नाई बसत. हे माही लेक हाय. चाल पोरी, कुठी आहे तुहा माल?"

तिनं माझं मनगट धरलं. तिच्यामागं मेथीवाली उठली, मग मिरच्यावाली, मग सगळी ओळच. टोपल्या डोक्यावर घेऊन त्या आमच्या दोन्ही बाजूंनी चालू लागल्या. त्या माणसांनी मारायचं कोणाला? त्याच बाजारातले हमाल आणि गाडीवान या बायांचे नवरे नि लेक होते. तेही हातातलं काम टाकून बघत उभे राहिले. धरलेलं कोपर सुटलं. माझ्या करंड्या अडवून ठेवल्या होत्या त्याच ओट्यावर चढून मी स्वतः लिलाव पुकारला. आवाज आधी फाटला, मग लागला. दिवस कलायच्या आत सगळ्या करंड्या विकल्या गेल्या.

निघताना मी तिला विचारलं, "मावशी, तुमी काहून उठल्या?"

ती म्हणाली, "तुह्या दिराले मारलं तवा मी खालतं पाहून बसली होती. मंग कित्येक दिवस घास गोड लागला नाही. आज तू एकटी आली, माह्यानं बसवलं नाही."

"संगं बंदूकवाला असता तर?"

"तर कायले उठली असती, माय?"

लोक म्हणतात, देवीच आली होती. मी वाद घालत नाही. ती म्हातारी तंबाखू खाते आणि मी वांगी दाबून पाहिली की खेकसते. पण बडनेऱ्याला तो कागद अपुरा पडला नसता, तर ती ओळ उठली नसती, एवढं मला ठाऊक आहे.

अडत्यानं पुढं निरोप धाडला, समजुतीनं घ्या. मी उलट निरोप दिला, दर बाजाराला येईन. शरण त्याला गेले नाही, जाणारही नाही. गेले ती आईला, आणि तीही भांडत भांडत. तिनं तेवढंही गोड मानून घेतलं.