कोरसची मोकळी जागा

माझे मामा भीमगीतं गाणारे. नांदेड-लातूर पट्ट्यात चाळीस वर्षं त्यांची गायन पार्टी फिरली. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीही जयंती घरातच करायची ठरली, आणि मामा तर आजारातून नुकतेच उठलेले. छातीत दम उरला नव्हता. "गळा गेला माझा," म्हणाले आणि पेटीला हात लावायचंच सोडलं. मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली, कारण न गाणारे मामा मी पाहिलेच नव्हते.

मी लातूरची शिक्षिका. शाळा बंद होती म्हणून मामांच्या देखभालीला नांदेडला आलेले. मुलांसाठी मोबाइलवर धडे चित्रित करून हात बसला होता. म्हटलं, घरातच कार्यक्रम करा, मी फिल्म काढते, सगळ्यांना पाठवू.

"समोर माणूस न्हाई. गाऊ कुणाला?"

"मला गा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तरी तिसऱ्या दिवशी दाढी करून, निळा फेटा बांधून पेटीपुढे बसले. मी फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवला.

आवाज खरखरीत झाला होता. वर जाईना, म्हणून त्यांनी खालची पट्टी धरली. मला तो आवाज जास्त आवडला. पण धृपद आलं की मामा ओळ टाकायचे आणि गप्प बसायचे. बोटं पेटीवर चालू, तोंड बंद. आमच्या पार्ट्यांची रीतच तशी. गायकाने ओळ टाकायची, मागच्या कोरसने ती उचलायची, तेवढ्यात गायकाने दम घ्यायचा. कोरसवाले दोघे लोह्यात, एक देगलूरला अडकलेला. मामांच्या मागे नुसतं कपाट होतं.

"मामा, थांबून का राहिलात?"

"चाळीस वर्षांची सवय हाय बाई. आता कुठं मोडू?"

मी त्या मोकळ्या जागा कापायला बसले. कापल्या की गाणं धावत सुटायचं आणि ऐकणाऱ्यालाच धाप लागायची. शेवटी कंटाळून तशीच फिल्म गल्लीतल्यांना आणि पाहुण्यांना पाठवून दिली. कळल्यावर मामा भडकले.

"अर्धं गाणं धाडलंस? लोक हसतील. आता पुन्हा गायचं नाव काढू नको."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातून त्यांचं गाणं कायमचं बंद पडलं, असंच मला वाटत राहिलं.

जयंतीच्या संध्याकाळी गल्लीत दारोदारी पणत्या लागल्या आणि दरवर्षीच्या कार्यक्रमाच्या वेळेला घराघरांत फोनवर मामांचीच फिल्म सुरू झाली. मामा भिंतीकडे तोंड करून आत बसून राहिले. पहिली ओळ झाली. मोकळी जागा आली. आणि ती गल्लीने उचलली. समोरच्या आजीने, तिच्या सुनांनी, टोकाच्या घरातल्या ऑटोवाल्याने, ज्याने त्याने आपापल्या उंबऱ्यातून. कुणाचा फोन पुढे, कुणाचा मागे, त्यामुळे कोरसही विस्कटलेला. मी ढसाढसा रडले, लाज वाटली नाही.

मामा उठले, मास्क लावून दारात आले. दुसरं धृपद त्यांनी कान देऊन ऐकलं.

"लई बेसूर हायेत," म्हणाले. "फोन बंद करायला सांग सगळ्यांना."

मग मास्क हनुवटीखाली ओढला आणि ओळ स्वतः टाकली.