उजव्या हाताचा डाव

आमच्या मुलुंडच्या घरी बॅकगॅमनची पेटी आली ती माझ्या दिराबरोबर, मस्कतहून. टेपरेकॉर्डर, दोन ब्लँकेटं, सरबताच्या पावडरीचे डबे आणि ही पेटी. तिथल्या कुणा साहेबाने त्याला भेट दिली होती. उघडली की तिचीच खेळायची फळी व्हायची, आत लांबट त्रिकोण रंगवलेले, तीस सोंगट्या, चामड्याचे दोन पेले आणि फासे. कसं खेळतात ते दिराला ठाऊक नव्हतं. सुट्टी संपवून तो परत गेला, पेटी कपाटावर गेली, आणि मी माझ्या यादीत लिहिलं, 'कपाटावरचं सामान – काय करायचं ते ठरवणे'. मला यादीशिवाय जमत नाही. तेव्हाही जमत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय हळूहळू चालू लागला, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येईल. बोटांना काम द्या."

अण्णा मालवणकडचे. गिरणी बंद पडेपर्यंत मागावर काम केलेलं. तुटलेला धागा ते न बघता चिमटीत धरून गाठ मारायचे, असं माझा नवरा सांगायचा. त्याच बोटांना आता बांगड्याचा काटा काढता येईना. डाव्या हाताने जेवताना कुणी बघू नये म्हणून ते स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून चमच्याने वरणभात खायचे. मासे त्यांनी बंदच केले.

"अण्णा, मी काटे काढून देते ना," मी एकदा म्हटलं.

"मी काय तान्हो आसंय?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. यादीत मात्र सगळ्यात वर लिहिलं, 'अण्णांचा हात'.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा भांडुपच्या कारखान्यात पाळीवर. मी सकाळच्या शाळेत शिकवून दुपारी घरी यायचे, म्हणजे हाताचं काम माझ्याकडेच होतं. मी दोन वाट्या मांडल्या, एकीत हरभरे. एकेक उचलून दुसरीत टाकायचा. अण्णांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी काय कोंबो आसंय, दाणे टिपूक?"

हरभऱ्यांची उसळ झाली.

पेटी खाली आली ती केवळ धूळ पुसायला. दार उघडं होतं. वरच्या मजल्यावरचे सिंधी काका जिना उतरता उतरता थबकले. तरुणपणी कापडाच्या धंद्यात ते आखाती बंदरांतून फिरलेले, आता मुलुंडातच त्यांचं दुकान होतं.

"अरे! ये किधर से आया?" असं म्हणत ते चपला काढून आत आले आणि अण्णांसमोर खाटेवर बसलेसुद्धा. सोंगट्या मांडत त्यांनी समजावलं. दोन फासे टाकायचे, आपल्या पंधरा सोंगट्या फिरवून आपल्या घरात आणायच्या आणि मग तिथून बाहेर काढायच्या. जो आधी सगळ्या काढील तो जिंकला. एकटी सोंगटी सापडली तर समोरचा तिला मारतो, मग तिला समोरच्याच्या घरातून पहिल्यापासून यावं लागतं. दोघी एकत्र असल्या तर मारता येत नाही.

"ह्यो तर जुग!" अण्णा म्हणाले. लहानपणी गावाला ते पटावर सोंगट्या खेळलेले, तिथे अशा जोडीला जुग म्हणतात. त्यांनी डावा हात फाशांकडे नेला.

"ना ना अण्णा," काका म्हणाले. "जिस हात से फासा, उसी हात से सोंगटी. आणि आपल्या फळीवर डावा हात चलेगा नहीं."

हा नियम खरा की काकांनी तिथल्या तिथे केला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अण्णांनी मात्र मानला. डॉक्टरांचं न ऐकणारा माणूस खेळाचा नियम मोडायला तयार नव्हता. पेला उजव्या हातात नीट धरता येईना, फासे फळीबाहेर उडायचे, मी खाटेखालून शोधून आणायचे. सोंगट्या ते तळहाताच्या कडेने ढकलायचे. पुढे दोन बोटांनी ओढू लागले. पुढे कधीतरी चिमटीत धरून उचलू लागले, आणि उचललेली निम्म्या वाटेवर पडायची. पडली की स्वतःलाच शिवी. मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

काका दुकानामुळे रविवारीच यायचे. बाकीच्या दुपारी समोर मी. मला फक्त लुडो येत होता. सहा पडले की मी दुसऱ्यांदा फासे उचलायचे आणि अण्णा ओरडायचे, "ठेव ते!" ती सवय गेली, पण हरणं गेलं नाही. मी रोज हरायचे.

मग एका दुपारी मी पेटी काढली तर अण्णा भिंतीकडे वळले.

"ठेव गो ती. जिंकान जिंकान कंटाळो इलो. तुझ्यापेक्षा ह्यो पंखो बरो खेळात."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हात पुन्हा मांडीवर होता, मुठीत बोटं मिटलेली. डॉक्टरांनी दिलेले महिने तर संपतच चालले होते. मला एवढंच कळलं की ह्यांचा हात चालायचा तर मला चांगलं खेळता यायला हवं. दयेने नाही, खरंखुरं. यादीत नवीन काम आलं.

रविवारी सकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन वर गेले. काकांनी माझ्याशी एक डाव खेळून पाहिला आणि हसायलाच लागले.

"बेटी, तू किचन लावते का इथे? हा डबा, त्याच्यावर झाकण, हा डबा, त्याच्यावर झाकण."

खरंच होतं. एकही सोंगटी एकटी राहू नये म्हणून मी सगळ्या जोडीने जपायचे. जपता जपता शेवटी हलवायला काही उरायचं नाही आणि फासे नेमक्या त्याच जोड्या फोडायला लावायचे.

"बघ," काका म्हणाले, "सुरुवातीला समोरच्याच्या घराची दारं उघडी आहेत. तेव्हा मार खाल्ला तर लगेच परत येशील. तिथे त्याच्या जोड्या बसून दारं बंद झाल्यावर खाल्ला, तर बाहेर बसून राहशील. म्हणून भ्यायचं ते नंतर. आधी सोंगटी उघडी टाक, चांगली जागा पकड."

कागदावर मी एवढंच लिहिलं, 'आधी धोका, नंतर जपणूक'. आयुष्यभर मी उलटं करत आले होते, पण तो विचार करायला वेळ नव्हता. चहाचा कप विसळून मी खाली आले.

अण्णांना मी म्हटलं, "एकच डाव. कंटाळा आला तर पेटी परत कपाटावर."

"एकच," ते म्हणाले.

दुसऱ्याच खेपेला मी एक सोंगटी त्यांच्या तोंडावर उघडी टाकली. अण्णांनी भुवया वर केल्या. "झोपेत आसंस?" त्यांनी मारली. मी परत आले आणि पुन्हा उघडी टाकली. ह्या वेळी फाशांनी त्यांना साथ दिली नाही, आणि पुढच्या खेपेला तिथे माझा जुग बसला. मग शेजारी दुसरा, मग तिसरा. अण्णांची एक सोंगटी मागे अडकली. ते पुढे वाकले. पेला हलवण्याचा आवाज तेवढा. त्या दिवशी त्यांचा एकही फासा खाटेखाली गेला नाही, हे मला नंतर आठवलं. तेव्हा माझं लक्ष फक्त माझ्या पंधरांवर होतं.

शेवटची सोंगटी बाहेर काढून मी टाळी वाजवली. चक्क उभी राहून. "अण्णा, वाट लागली ना तुमची!" सासऱ्यांशी असं कुणी बोलतं का! पण बोलले.

"नशीब तुझा," अण्णा गुरगुरले. "बस खाली. परत."

"एकच डाव म्हणाला होतात."

"बस म्हटलंय मा!"

मी चहाचं आधण ठेवून आले तोवर फळी मांडून झाली होती. आतापर्यंत मांडायचं काम माझं असे. तीसच्या तीस सोंगट्या जिथल्या तिथे, दोन्ही रंग सरळ रांगेत, आणि अण्णांच्या उजव्या हातात पेला तयार. त्यांना स्वतःला ते कळलेलं दिसलं नाही. मी आत जाऊन चहा गाळून आणला.

दुसरा डाव त्यांनी जिंकला, स्वच्छ. फासे पेल्यात टाकत ते सहज म्हणाले, "उद्या बाजारात जातलंस तर बांगडे घेवन ये. मोठे नको, मध्यम."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताट घेऊन आमच्याबरोबर बसले. पहिल्या बांगड्याला खूप वेळ लागला. नवऱ्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं, मी दोन्ही वेळा भाताकडे बघत राहिले. काटे ताटाच्या कडेला एकेक करून जमले, आणि अण्णांनी पुढचा बांगडा मागितला.

काकांना मी वाटीत बांगड्याचं सार घेऊन गेले, तर ते मासे खात नव्हते हे तेव्हा कळलं. मग शिरा केला. कुणाचे आभार कशाने मानायचे, हे आधी विचारून घ्यावं, असं तेव्हापासून माझ्या यादीत आहे. पेटीही आहे. कपाटावर नाही, खाली, हाताशी.