काकांचा गप्प बसण्याचा पेपर

काकांनी आयुष्याची एकतीस वर्षं रंगमंचाच्या विंगेत एका स्टुलावर बसून काढली. नाटक मंडळीत ते प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की प्रेक्षकांना पत्ता न लागू देता ते त्याच्या कानात सोडायचं, हे त्यांचं काम. किती तरी राजांनी काकांच्या जिवावर राज्य केलं, आणि किती तरी नायकांना आपलं नायिकेवर प्रेम असल्याचं ऐन वेळी काकांकडूनच कळलं.

जिभेला लागलेलं वळण घरीही सुटेना. काकूंचं दुःख वेगळंच होतं. "भांडायची सुद्धा सोय नाही हो!" त्या शेजारणीला सांगत. "'तुमच्या आईनं मला कधी...' एवढं म्हणून मी जरा श्वास घ्यायला थांबले, की हेच हळूच सांगतात, 'आपलं मानलं नाही.' मग कशी रागावणार मी!"

मंडळी बंद पडली आणि काका स्टुलासकट घरी आले. महिनाभरातच काकूंनी त्यांच्यासाठी काम शोधलं. त्यात काकांच्या कल्याणापेक्षा स्वतःचाच जीव वाचवण्याचा भाग जास्त होता.

काम होतं समुपदेशक घडवणाऱ्या एका केंद्रात. अपघात, आग, मारहाण असल्या आघातातून वाचलेल्या माणसांशी कसं बोलायचं, हे तिथे शिकवत. आता शिकाऊ मंडळींना एकदम खऱ्या दुखावलेल्या माणसासमोर कसं बसवणार? नवा न्हावी आधी भोपळ्यावर वस्तरा फिरवतो. काका म्हणजे त्या केंद्राचा भोपळा. बाईंनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, दिलेला कागद वाचायचा, त्यातला माणूस व्हायचं आणि शिकाऊ समुपदेशकासमोरच्या खुर्चीत बसायचं. काका असे थरथरत, असे आवंढे गिळत, की खिडकीतून बघणारा झाडूवालाही डोळे पुसायचा.

बाईंचे नियम फळ्यावर कायमचे लिहिलेले होते. घाई करू नका. खोदून विचारू नका. समोरचा थांबला की तुम्हीही थांबा, शांततेला घाबरू नका.

काकांच्या हाताखालून चार तुकड्या गेल्या. एक सोडून सगळे पास, तेही उत्तम गुणांनी. बाई खूश, काका त्याहून खूश. मग जिथे जिथे ही मुलं-मुली कामाला लागली, तिथून विचारणा होऊ लागली. "तुमचे समुपदेशक छान आहेत, पण मध्येच असे कान पुढे करून का बसतात?"

बाई हुशार. पुढच्या सरावाला त्या मागच्या दाराने आत येऊन बसल्या. एक मुलगी अडखळली, आणि समोर धाय मोकलून रडणारे काका हुंदक्यांच्या मधूनच पुटपुटले, "तुम्ही आत्ता इथे सुरक्षित आहात..."

"...तुम्ही आत्ता इथे सुरक्षित आहात," मुलगी सुटकेने म्हणाली.

"काका!" बाई उभ्या राहिल्या. "पेशंट तुम्ही आणि डॉक्टरही तुम्हीच?"

"बाई, पोरगी अडकली होती हो. मला ती शांतता बघवत नाही."

"अहो, ती शांतता म्हणजेच आमचा अभ्यासक्रम आहे!" बाईंनी कपाळाला हात लावला. "शेवटची संधी. सोमवारच्या परीक्षेत तुमचा ओठ हलला तर तुम्ही घरी, आणि समोर बसलेला नापास."

समोर बसणार होता ॲम्ब्युलन्सवाला. एकोणीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलेला गडी, बसल्या जागीही पाय ॲक्सिलरेटर दाबत असायचा. परीक्षेत दोनदा आपटलेला. पहिल्या खेपेला त्याने काकांचं बोलणं संपायच्या आतच "काही होत नाही, सगळं ठीक होणार!" असं सांगून टाकलं. दुसऱ्या खेपेला काका इतके हुबेहूब थरथरले, की त्याने त्यांना खुर्चीतून उचलून जिन्यापर्यंत नेलं. आता तिसरी खेप, आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे शेवटची.

"काका," परीक्षेआधी बाहेरच्या बाकावर तो म्हणाला, "मी शेकडो माणसं दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवली. पुढे त्यांचं काय झालं, मला कधी कळलंच नाही. आता मला दाराच्या आतलं काम करायचंय. तेवढं सांभाळून घ्या."

सांभाळून घेणं म्हणजे काय, हे काकांना एकाच पद्धतीने ठाऊक होतं. त्यांनी खिशातून पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढल्या आणि दोन्ही गालांत एकेक कोंबून आत गेले.

कागदावरचा माणूस बस उलटून वाचलेला. काकांनी सुरुवात झोकात केली. बस वळणावर आली, काचा फुटल्या, आणि काका थांबले. ॲम्ब्युलन्सवालाही थांबला.

दहा सेकंद. त्याच्या कपाळावर घाम. वीस सेकंद. त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. वाक्य काकांच्या जिभेच्या टोकावर येऊन उड्या मारत होतं. त्यांनी पेपरमिंट कडाकडा फोडली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ॲम्ब्युलन्सवाल्याने हळूच पाय मागे घेतला, हात मांडीवर ठेवले, आणि नुसता बसून राहिला. नजरेत घाई नाही, कान पुढे नाही.

काकांना चमत्कारिक वाटलं. एकतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या वाक्यांची वाट बघत आले होते. त्यांच्या स्वतःच्या वाक्याची वाट बघत असं कुणी कधी बसलंच नव्हतं.

"दोन पानं एकदम उलटली गेली," काका म्हणाले.

बाईंनी चटकन कागद चाळला. बसच्या गोष्टीत पानं कुठली?

"म्हातारा नट होता. वाक्य विसरला, माझ्याकडे बघत राहिला. मला नाटकाच्या वहीत जागाच सापडेना. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. तो परत कधी रंगमंचावर चढला नाही. तेव्हापासून कुणी गप्प झालं की माझी बोटं पानं शोधायला लागतात."

ॲम्ब्युलन्सवाल्याने त्यांना उचललं नाही. सगळं ठीक होणार, असंही सांगितलं नाही. थोड्या वेळाने त्याने शांतपणे विचारलं, "पुढचं सांगायचंय, काका, की आज इथेच थांबायचं? तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी विचार केला. "इथेच थांबू," ते म्हणाले, आणि खांद्यावरचं सामान कुणीतरी उतरवून घेतल्यासारखे मागे टेकून बसले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "तुम्ही... म्हणजे..." त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "तुम्ही आज..."

सगळे वाट बघत होते.

"...पास झालात," खुर्चीतून बारीक आवाज आला.

"काका!" बाई ओरडल्या, पण हसत. "हे माझं वाक्य होतं!"

"परीक्षा संपली होती बाई," काका नम्रपणे म्हणाले.

त्या आठवड्यात काकूंनी घरात तोंड उघडलं. "तुमच्या आईनं मला कधी..." आणि सवयीने थांबल्या. पलीकडून काहीच आलं नाही. काका हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसले होते.

"अहो, सांगा की पुढचं!"

"तू सांग. नाहीच सांगावंसं वाटलं तरी चालेल."

काकू खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ते वाक्य त्यांनी स्वतः पूर्ण केलं. ते काकांनी आजवर सांगितलेल्यापेक्षा निराळंच निघालं. आणि बरंच लांब.