बोरीच्या पाल्याचं कोमट पाणी

माझी आई भडगावात बांगड्या भरायची. आठवडी बाजारात तिची चटई ठरलेल्या जागी असायची, आणि लग्नसराईत शेतकऱ्यांच्या घरून तिला बोलावणं यायचं. घरात ती उर्दू बोलायची, बाजारात अहिराणी. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तिचं दुसरं काम आमच्या मोहल्ल्यात माहीत होतं. मुसलमानाच्या घरी कोणी बाई वारली, की तिला शेवटची आंघोळ घालायला आणि कफन नेसवायला अम्मीलाच न्यायचे. त्या आंघोळीला आमच्यात गुस्ल म्हणतात. बाईला बाईनंच घालायचा, पुरुषाला पुरुषानं.

मला त्या कामाची लाज वाटायची. सातवीत असताना आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलीनं वर्गात सांगितलं की हिची आई मुडदे धुते. त्या दिवशी माझ्या डब्याला कोणी हात लावला नाही. घरी येऊन मी अम्मीला म्हटलं, हे बंद कर. ती रागावली नाही.

"मी सोडलं तर कोण करेल, त्या बाईचं नाव सांग," ती म्हणाली. "उद्यापासून सोडते."

मी मोहल्ल्यातली घरं एकेक करून आठवली. मला एकही नाव सुचलं नाही.

तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं होतं. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं, कुराण तेवढं लहानपणी शिकलेली. पण दीनातलं, म्हणजे धर्मातलं, तिला नीट सांगता यायचं. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे हे ज्याचं त्यानं करायचं असतं, एकाची नमाज दुसऱ्याच्या नावावर लागत नाही. पण काही फर्ज, म्हणजे कर्तव्य, सगळ्या गावाचं मिळून असतं. मयतीला आंघोळ घालणं, कफन देणं, जनाज्याची नमाज पढणं, दफन करणं. गावातल्या कोणी ते केलं तर सगळे सुटले. कोणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. मी ऐकून घेतलं, आणि तरी पुढची कित्येक वर्षं कोणी विचारलं की आई काय करते, तर बांगड्यांचंच सांगत राहिले.

शिकून मी शिक्षिका झाले, धुळ्याला नोकरी लागली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीत मी भडगावला आले होते. अम्मी आदल्या आठवड्यात मोरीत घसरून पडली होती आणि तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सकाळी नऊच्या सुमारास मागच्या गल्लीतून निरोप आला. तिथली एक म्हातारी पहाटे फजरच्या नमाजेनंतर गेली होती. अम्मीनं ओढणी घेतली आणि मला म्हणाली, चल.

वाटेत आम्ही कापडाच्या दुकानात थांबलो. दुकानदार मारवाडी जैन, त्यांच्या वडिलांपासून दुकान तिथंच. शेठ अम्मीला अक्का म्हणायचे. तिला असं सकाळी आलेलं पाहिलं की काय हवंय ते विचारत नसत. "बाईमाणूस का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि पांढऱ्या कापडाचा तागा काढून बाईच्या पाच कपड्यांचं माप बरोबर फाडून दिलं. अम्मी सांगायची, श्रीमंत असो की गरीब, माप तेच, कापड तेच, आणि त्याला खिसा नसतो.

त्या घरी नात्यातल्या पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. अंगणाच्या कोपऱ्यात चादरींचा आडोसा केलेला, आत लाकडी तख्त. चुलीवर बोरीचा पाला घालून पाणी तापत होतं. अम्मीनं बसलेल्या बायकांना विचारलं, कोण येता आत? सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकीला भीती वाटत होती, एकीला येत नव्हतं. शेवटी म्हातारीची सून उठली. अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला हळूच म्हटलं की मला जमणार नाही, मी कधी मयतीला हातही लावलेला नाही.

अम्मी फार गंभीर झाली की तिची बाजारातली बोली तोंडात यायची. "घाबरू नको," ती म्हणाली. "मी शे ना आठे." मी आहे ना इथं.

मी आत गेले. अम्मी उशाशी उभी राहून सांगत होती आणि मी करत होते. आधी वरून चादर, तिच्याखालून कपडे काढायचे, शरीर उघडं पडू द्यायचं नाही. हाताला कापड गुंडाळून स्वच्छता. मग वजू, म्हणजे नमाजेआधी धुतात तसं तोंड, हात, पाय. दात आणि नाक ओल्या कापसानं. मग केस. मग डाव्या कुशीवर वळवून आधी उजवं अंग धुवायचं, नंतर डावं. पाणी ओतण्याआधी प्रत्येक वेळी अम्मी डाव्या हाताची बोटं बादलीत बुडवून पाहायची. तिचं म्हणणं होतं, जितकं गरम जिवंत माणसाला सोसेल तितकंच. सून रडत होती, पण पाण्याची धार तिनं तुटू दिली नाही.

शेवटचं पाणी कापराचं. अंग टिपल्यावर अम्मीनं मला कापूर दिला आणि तो कपाळ, नाक, तळवे, गुडघे आणि पाय यांना लावायला सांगितला. नमाजेत माथा टेकताना, सजद्यात, जे जे जमिनीला टेकतं, ते ते. म्हातारीचे गुडघे नमाजेनं काळे पडले होते. मी कापूर लावत असताना पहिल्यांदा मला रडू आलं.

त्या शरीरावर मला एक गोष्ट दिसली, जी तिच्या सुनेलाही माहीत नव्हती. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. अम्मी म्हणाली, "इथं पाहिलेलं इथंच राहतं." तो या कामाचा नियमच आहे. म्हणून मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही लिहिणार नाही. घरी परतताना मात्र मला कळलं की भडगावच्या किती बायकांची किती गुपितं अम्मी तीस वर्षं पोटात ठेवून होती, आणि बाजारात त्यांच्याच लेकीसुनांना हसत बांगड्या भरत होती. तिच्याबरोबर गल्लीतून चालताना मला माझ्या आईचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मशिदीच्या लोकांनी मदरशाच्या खोलीत बायकांसाठी वर्ग ठेवला. शिकवणारी अम्मी. दहा-बारा जणी आल्या. त्यात कॉलेजातल्या मुली होत्या, औषधाच्या दुकानात काम करणारी एक होती, जळगावच्या दवाखान्यात नर्स असलेली एक होती आणि त्या म्हातारीची सूनही होती. मयतीच्या जागी गादीची वळकटी ठेवली होती. मी मागं बसून टिपणं काढत होते.

नर्सनं विचारलं, "खाला, तुम्ही हे कोणाकडून शिकलात?"

"माझ्या सासूकडून," अम्मी म्हणाली. "ती तिच्या बापाच्या बहिणीकडून, फुफूकडून. असं मागं मागं जात गेलीस तर मदिन्यात पोचशील. तिथं एक बाई होती, मयतीला गुस्ल देणारी. पैगंबरांची लेक वारली तेव्हा तिनं आणि बरोबरच्या बायकांनी तिला आंघोळ घातली. खुद्द पैगंबरांनी बाहेरून सांगितलं, बोरीच्या पाल्याचं पाणी घ्या, उजवीकडून सुरू करा, शेवटी कापूर घाला. आणि लेकीच्या अंगाला लागावी म्हणून स्वतःची लुंगी आत दिली. ते आपल्याकडे बाईनं बाईला सांगत इथवर आलंय."

मी ती वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली.

त्या वर्गातल्या पाच जणी आता भडगावात बोलावलं की जातात. अम्मी थकली आहे, ती तख्ताजवळ खुर्ची टाकून बसते. धुळ्यात आमच्या भागात मला बोलावतात. शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज देताना मी कारणाच्या रकान्यात "घरगुती काम" लिहीत नाही. स्वच्छ अक्षरात लिहिते: मयत बाईला गुस्ल देण्यासाठी. पहिल्या वेळी मुख्याध्यापिकेनं म्हणजे काय ते विचारलं. मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं.