हळदीतला नाच

कुळगावातून मी निघाले त्या दुपारी माझी बॅग टॅक्सीत ठेवायला महेश आला होता. माझा धाकटा भाऊ. हात थरथरत होते म्हणून त्याने ती छातीशी कवटाळून आणली. आई दारातूनच म्हणाली, "त्याच्याकडे बघू नकोस. गाडीत बस." मी बसले. दारूचा वास काचेपलीकडे राहिला. त्याचा हात बराच वेळ हलताना दिसत होता. निरोप होता की थरथर, ते कळले नाही.

मग मी डब्लिनला एका वाचनालयात परत आलेली पुस्तके जागेवर लावू लागले. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना शनिवारचा फोन ठाऊक असेल. आई हवा सांगे, पाणी आले की नाही ते सांगे, भाजी सांगे. महेशचे नाव घेत नसे. नाव नाही म्हणजे पितोच आहे, असे मी समजून घेई.

एका शनिवारी तोच फोनवर आला. बारवी धरणाच्या रस्त्याला एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे तो राहायला गेला होता.

"ताई, इथे नाचायला लावतात."

मला थट्टा वाटली.

"अगं, खरंच. आणि पाय उठतच नाय. दारूशिवाय कधी नाचलोच नाय ना मी."

फोन ठेवल्यावर मी त्याच वाक्यापाशी बसून राहिले. आमच्याकडे पुरुष नाचतात ते हळदीत, वरातीत, विसर्जनात, आणि घेतल्याशिवाय कोणी मैदानात उतरत नाही. शुद्धीत नाचणारा बाप्या मी कुळगावात पाहिलाच नव्हता.

केंद्रातल्या मॅडम तिथे राहणाऱ्यांना आधी नुसते अनवाणी चालायला लावत. टाच आधी, मग चवडा. मग हात धरून गोल. त्यांच्यात उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले होते, ते ओरडत, "मॅडम, बँड तो मंगवाओ! बिना बँड के बारात कैसी?" सगळे हसत, आणि हसण्याच्या भरात पाय उचलले जात.

"तलफ आधी अंगात येते, ताई, डोक्यात नंतर," महेशने मला समजावले. "मग अंगानेच उत्तर द्यायचं. टाच आपटायची."

तो घरी परतल्यावरच्या लग्नसराईत मी रजेवर आले. चुलत बहिणीची हळद होती. बेंजो सुरू झाला आणि महेश मांडवात उतरला.

"काय रे, आज लवकरच लावलीस?" काका म्हणाले. कोणीतरी ग्लास पुढे केला. "नाचतोयसच, तर घे की!"

त्याने ग्लास बाजूला सारला आणि टाच आपटली. तेवढ्यात आई हळदीचे ताट टाकून धावत आली. नाचणाऱ्या मुलाचा तिला एकच अर्थ ठाऊक होता. सगळ्यांदेखत तिने त्याची हनुवटी धरली, तोंड खाली ओढले आणि वास घेतला.

महेश हलला नाही.

"घे, आई," तो म्हणाला. "नीट घे."

तिने पुन्हा घेतला. मग तशीच उभी राहिली, हळदीची बोटे त्याच्या गालावर ठेवून. त्याने तिचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि हळूहळू पुन्हा ठेका धरला. आई नाचली नाही. पण तिने हात काढला नाही.

दिवाळीच्या आधी तो गेला. यकृत केव्हाच निकामी झाले होते. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. त्याने आम्हाला सांगितले नव्हते. मी पोचले तेव्हा भेटायला येणारे म्हणत होते, "दारूने नेलं पोराला." ते खोटे नव्हते. तरी आई प्रत्येकाला थांबवी. "शेवटी पीत नव्हता तो. मी वास घेतलाय. भर मांडवात घेतलाय."

इथे डब्लिनला आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पब आहे. लोक हात धरून, गात, नाचत बाहेर पडतात. मी खिडकी लावून घेते. महेशबद्दल मी इथे कोणालाच सांगितलेले नाही. सांगायचे तर आधी हळद सांगावी लागेल, मग बेंजो, मग आई. एवढे ऐकून घेणारे माणूस अजून भेटले नाही. कधीकधी बूट काढून खोलीभर चालते. टाच आधी, मग चवडा. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून बेताने.

शनिवारी आईचा फोन येतो. हवा, पाणी, भाजी. मग ती थांबते.

"तू होतीस ना गं तिथे? पाहिलंस ना?"

"होते, आई. पाहिलं मी."

"हं," म्हणून ती फोन ठेवते. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारते. त्या मांडवात सगळे कुळगाव होते, आणि ती सगळी माणसे आजही तिच्या दाराशीच राहतात. तरी ती मला विचारते. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढेच आहे.